सांगितलेला घास

लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात खाणं ही चारचौघांतली गोष्ट आहे. सकाळी गाड्यांवर निलंगा राईसची गरम पातेली उघडतात, कामाला निघालेली माणसं उभ्यानंच प्लेट हातात घेतात, आणि ओळखीचं कुणी समोरून गेलं तर "या, दोन घास घ्या" म्हटल्याशिवाय त्यांना राहवत नाही. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, तर घरंच्या घरं कुलूप लावून शिवारात जातात. कडब्याची कोप उभी राहते, आत पांडवांची पूजा होते, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ज्याचं स्वतःचं रान नाही त्यालाही कुणीतरी हाताला धरून नेतं. त्या दिवशी माणूस गळ्यापर्यंत जेवतो, झाडाखाली आडवा होतो, उठून पुन्हा आंबील पितो. संध्याकाळी बैलगाडीतून नाहीतर मोटारसायकलवरून परतताना त्याच्या मनात शरमेचा लवलेशही नसतो.

हे आधी सांगितलं, कारण ज्या खाण्याविषयी लिहायचं आहे ते येळवशीच्या जेवणाहून प्रमाणानं जास्त असेलच असं नाही.

ते खाणं रात्री होतं. घर झोपलेलं असतं. स्वयंपाकघरातला दिवा लावत नाहीत, फ्रिजच्या उजेडात भागतं. फरसाणाची पिशवी फाडली तर आवाज होतो, म्हणून ती कात्रीनं कापायची. स्टीलच्या डब्याचं झाकण पोटाशी दाबून हळूच काढायचं. उरलेली भाकरी, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी, मग साखर, मग लेकराच्या डब्यासाठी आणलेली बिस्किटं, मग तोंड फार गोड झालं म्हणून पुन्हा तिखट. पहिल्या चार घासांना चव असते, पुढच्यांना नसते. थांबावंसं वाटतं, हात थांबत नाही. शेवटी पोट दुखायला लागतं तेव्हा सगळं संपतं. मग ओटा पुसायचा, सांडलेले कण गोळा करायचे, रिकामी पिशवी कचऱ्यात अगदी खाली दाबायची. सकाळी दुकान उघडलं की तसाच बिस्किटांचा पुडा आणून त्याच फळीवर, त्याच जागी ठेवायचा. आणि मनाशी ठरवायचं, आजपासून दिवसभर काही खायचं नाही.

अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं अशा खाण्याचं वर्णन 1959 साली केलं. अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत नियमावलीत स्वतंत्र विकार म्हणून त्याला जागा मिळायला मात्र 2013 साल उजाडलं. थोड्या वेळात खूप खाणं आणि खाताना ताबा सुटल्याची भावना, हे मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला भराभर खाणं, भूक नसताना खाणं, पोटाला त्रास होईपर्यंत खाणं, लाज वाटते म्हणून एकट्यानं खाणं, आणि नंतर स्वतःचीच किळस येणं. आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललं तर डॉक्टर त्याला विकार म्हणतात. माणूस जाडच असला पाहिजे, अशी अट त्यात कुठंही नाही. सडपातळ बाईलाही हे असतं, आणि तिच्यावर तर कुणाचा संशयही जात नाही.

या लक्षणांमध्ये एकटेपणाचा उल्लेख सहज, मध्येच कुठंतरी येतो. माझ्या मते दुखण्याचं मूळ तिथंच आहे. येळवशीला जेवणारा माणूस सगळ्यांच्या देखत जेवतो, कुणीतरी वाढत असतं, कुणीतरी "आता पुरे" म्हणत असतं, आणि जेवण त्याच्या अंगाला लागतं. रात्रीचा घास कुणी वाढलेला नसतो आणि कुणी पाहिलेलाही नसतो. उलटी बाजू अशी की जे कुणी पाहिलं नाही त्याबद्दल कुणी समजूतही घालू शकत नाही. आपल्याकडे अशा माणसाला अधाशी म्हणतात, जिभेचा ताबा नाही म्हणतात. हे शब्द त्याला तोंडावर ऐकावे लागत नाहीत. तो ते रोज स्वतःच स्वतःला ऐकवतो.

आता त्या सकाळच्या निश्चयाकडे येतो. आपल्या संस्कृतीत खाण्यावर ताबा मिळवायचा रस्ता म्हणजे उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. व्रतांविषयी मला आदर आहे. ज्याचं खाणं मुळात ठिकाणावर आहे त्याला उपासानं हलकं वाटतं, हे खरं आहे. पण रात्री ताबा सुटलेल्या माणसानं सकाळी शिक्षा म्हणून धरलेला उपास ही वेगळी गोष्ट आहे. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण आपण चेष्टेनं वापरतो. त्यात शरीराविषयीची फार जुनी आणि अचूक नोंद आहे.

त्या नोंदीचा पुरावा पुढे मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. दुसरं महायुद्ध चालू होतं. उपासमार झालेल्या माणसांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे कुणाला नीट माहीत नव्हतं. शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी नोव्हेंबर 1944 मध्ये 36 तरुणांवर प्रयोग सुरू केला. हे तरुण युद्धाला तत्त्वानं नकार दिलेले, धडधाकट आणि आपणहून आलेले. त्यांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं, आणि त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्यानं घटलं. पण त्यांच्या मनाचं जे झालं ते जास्त विचार करायला लावणारं आहे. अन्नाखेरीज दुसरा विषय त्यांना सुचेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. उपासमार संपल्यावर, समोर पुरेसं अन्न असतानाही, त्यांतले कितीतरी जण अमाप खात राहिले. पोट भरल्याचं त्यांना कळेना. ही माणसं अधाशी नव्हती. भुकेलेल्या शरीरानं आपला हिशेब वसूल केला होता. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यालाही योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असं एकाच श्लोकात सांगितलं आहे. ही दोन माणसं वेगळी असतात असं मी पूर्वी धरून चालत असे. बहुतेकदा तो एकच माणूस असतो, एक सकाळचा आणि एक रात्रीचा.

मराठवाड्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. 1972 चा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून घरात आहे. दुष्काळी कामावर खडी फोडलेली, वाटपाची सुकडी खाल्लेली, तांबडा मिलो दळून भाकरी थापलेली. त्या पिढीनं लेकरांना आणि नातवंडांना ताटात काही टाकू दिलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं म्हणायची माझी छाती नाही. पण भुकेची ती धास्ती घराच्या वळणात राहून जाते. आणि ते वळण सर्वांत जास्त बाईच्या अंगावर येतं. ती सगळ्यांच्या मागून जेवते. सकाळी नऊला चहा-बिस्किट, दुपारी काम सरत नाही म्हणून काही नाही, आठवड्यातून दोन-तीन उपास, आणि रात्री उरलेलं वाया जाऊ नये म्हणून ते संपवणं तिच्याच वाट्याला. अशा बाईला रात्री अन्नाशी एकटं सोडणं म्हणजे काय, हे मिनेसोटाच्या त्या तरुणांना विचारावं.

मग यातून बाहेर कसं यायचं? संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात एक छोटं सुत्त आहे, मला ते या विषयावरचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात शहाणं टिपण वाटतं. कोसलाचा राजा पसेनदी एका बैठकीला द्रोणभर (द्रोण हे धान्याचं जुनं मोठं माप) तांदळाचा भात खात असे. एकदा असाच जेवून, धापा टाकत, तो बुद्धांच्या भेटीला गेला. बुद्धांनी त्याची अवस्था पाहून एक गाथा म्हटली. जो सावध राहतो आणि आपल्या अन्नाचं प्रमाण ओळखतो त्याच्या वेदना कमी होतात, तो सावकाश म्हातारा होतो, असा तिचा आशय. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर तो उपदेश झाला असता, आणि राजा दुसऱ्या दिवशी पुन्हा द्रोणभर जेवला असता. पण राजाला स्वतःची ओळख चांगली होती. त्याच्या मागं सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की रोज माझ्यापुढं म्हण. मी तुला दररोज शंभर कार्षापण देईन. अट्ठकथेत, म्हणजे सुत्तावरच्या जुन्या टीकेत, याचा पुढचा तपशील येतो. राजा शेवटचा घास उचलायला लागला की सुदस्सन गाथा म्हणे. राजा तो घास खाली ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी तेवढा तांदूळ कमी शिजे. असं होत होत राजा द्रोणावरून नाळीभर, म्हणजे त्याहून कितीतरी लहान मापाच्या, भातावर आला.

या गोष्टीत राजानं शपथ घेतलेली नाही. उपास धरलेला नाही. भात सोडलेला नाही. आपण एकटे विसरतो, हे त्यानं मान्य केलं आणि आठवण करून देणारा माणूस जेवणाच्या जागी आणून उभा केला. सुदस्सनानं ताट ओढून घेतलं नाही, "महाराज, पुरे" असंही म्हटलं नाही. त्यानं ठरल्या वेळी ठरलेली ओळ म्हटली, बाकी राजावर सोपवलं. आणि हे रोज चाललं. या रोज असण्यात सगळा उपचार आहे असं मला वाटतं. महिन्यातून एकदा डॉक्टरांना सांगायचं म्हटलं तर माणूस मधले दिवस गाळतो. आज रात्रीचं उद्या सकाळी सांगायचं असेल तर गाळायला जागा उरत नाही.

सुदस्सन स्वतः मात्र त्या दुखण्यातला नव्हता. ती कडी जुळायला 1935 साल यावं लागलं. अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा, काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला माणूस हॉटेलात एकटा पडला होता. धंद्याचं काम फसलं होतं आणि समोर हॉटेलचा बार होता. त्यानं चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली, दारूशी झगडणारा दुसरा कुणी बोलायला मिळतो का म्हणून. अशी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली, आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली. विल्सननं फोन केला तो डॉक्टरला वाचवायला नव्हे, स्वतः त्या रात्री वाचायला. मदत करणाऱ्याला मदतीची गरज तितकीच असते, हा शोध त्या फोनमध्ये आहे. खाण्याच्या बाबतीत तो 1960 साली लॉस एंजेलिसमध्ये रोझॅन एस. या बाईंनी लागू करून पाहिला. जुगाऱ्यांच्या अशाच गटाची सभा पाहून त्यांना ते सुचलं होतं. त्यांच्या ओव्हरईटर्स अॅनॉनिमसमध्ये बरेच जण रोज सकाळी गटातल्या आपल्या स्पॉन्सरला, म्हणजे आधीपासूनच्या सोबत्याला, फोन करून आज काय खाणार ते सांगतात.

आपल्याकडे ही वाट मुक्तांगणनं रुळवली. 1986 साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या आधारानं, ते व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. बाहेर पडलेल्या माणसाचा पाठपुरावा आणि बायकांसाठी 'सहचरी' गट, या दोन गोष्टींमुळे मराठी घरांत व्यसन हा बोलायचा विषय झाला. खाण्याचं दुखणं अजून त्या उंबऱ्याबाहेर आहे.

पण दारूचं औषध जसंच्या तसं अन्नाला लागत नाही, हे विसरून चालणार नाही. बाटली आयुष्यभर बंद ठेवता येते. भाकरी दिवसातून दोनदा-तीनदा समोर येणारच. म्हणून साखर कायमची सोडा, मैदा सोडा, तळलेलं सोडा, असा बंदीचा रस्ता मला धोक्याचा वाटतो; सोडलेल्या पदार्थाचा एक तुकडा तोंडात गेला की "मोडलंच आता" म्हणून अख्खा डबा संपतो. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांची उपचारपद्धती बंदीऐवजी नियमितपणावर उभी आहे, आणि ती ऐकायला इतकी साधी आहे की रुग्णाचा आधी विश्वास बसत नाही. ठरल्या वेळी खायचं, तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीनदा थोडंसं. तीन-चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवायचं नाही. जे खाल्लं ते लगेच लिहायचं, कधी, कुठं, आणि त्या वेळी मनात काय होतं ते. कॅलरी लिहायच्या नाहीत. रात्री ताबा सुटला तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. शेवटची अट सर्वांत अवघड, कारण ती शिक्षेची सवय मोडते.

इथं लातूरकरांना डॉ. जगन्नाथ दीक्षितांची आठवण येणं साहजिक आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना त्यांनी, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायचा प्रचार सुरू केला. घराघरांत "दीक्षित की दिवेकर" असे वाद झडले, कारण ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळानं खायला सांगत होत्या. वजन आणि मधुमेहाच्या त्या वादात मी पडत नाही. ज्याचा रात्री ताबा सुटतो त्याला दोन जेवणांमधलं मोठं अंतर झेपेल का, हे त्यानं डॉक्टरांशी बोलून ठरवावं. मला त्यात धोका दिसतो. पण दीक्षितांच्या मागं गेलेल्या माणसांनी जे व्हॉट्सअॅपचे गट केले, एकमेकांना दाखवून, सांगून, विचारून जी चिकाटी धरली, ती मोहिमेची खरी ताकद होती. आहारतज्ज्ञ आहारावर भांडत राहिले आणि माणसं सोबतीनं टिकली.

अशी सोबत निलंग्यासारख्या गावात कशी उभी राहील, हा माझ्या मनातला प्रश्न आहे. मोठ्या शहरात नाव न सांगता सभेला जाता येतं. तालुक्याच्या गावात कोण कुणाच्या दारात गेलं हे चौकात आधी कळतं. "खाण्याचा त्रास असणाऱ्यांची बैठक" अशी पाटी इथं लागली तर तिथं कुणी पाऊल टाकणार नाही. पण या भागात एक बैठक आधीच भरते, आणि तिला जायला बाईला कारण सांगावं लागत नाही. ती म्हणजे बचत गटाची.

ही गोष्ट लातूरमध्ये उसनी आलेली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक नुकते झोपले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. औसा, उमरगा, निलंगा या पट्ट्यातली गावं हादरली, हजारो माणसं गेली. घरं पुन्हा बांधायच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगानं गावोगावच्या बायकांना संवाद सहायक केलं. ज्या कधी ग्रामसभेत बोलल्या नव्हत्या त्या सिमेंट-सळईचा हिशेब विचारू लागल्या, आणि पुढे त्यांतूनच बचत गट वाढले. आज राज्य सरकारच्या उमेद अभियानातल्या गटांची पंचसूत्री कोणत्याही बाईला तोंडपाठ असते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. हप्ता चुकला तर गट बाईला वाळीत टाकत नाही. का चुकला ते विचारतो, पुढची तारीख लिहितो, ती सही करते. चुकीची नोंद होते आणि माणूस गटातच राहतो. रात्रीच्या खाण्यासाठी याहून वेगळं काय हवं आहे?

गटासमोर सगळं मांडायची गरज नाही. बैठक उठल्यावर विश्वासातल्या दोघींनी थोडं मागं थांबावं, आणि मग रोज फोन. फोन असा असतो.

"अक्का, काल सुटला ताबा."

"कवा?"

"रातच्याला. साडेअकरा झाले असतील."

"दुपारी काय खाल्लीस?"

"काय नाही. कामच सरेना गेलं."

"मग आज दोनला भाकर खा. मी दोनला फोन करते."

इतकंच. अक्कानं वजन विचारलं नाही, काय काय खाल्लं त्याची उलटतपासणी केली नाही, "अशानं कसं होईल" म्हटलं नाही. तिनं दुपार विचारली, कारण रात्रीचं मूळ दुपारी असतं हे तिला स्वतःवरून ठाऊक आहे. आणि उद्या अक्काचा ताबा सुटला तर हीच तिला दुपार विचारील. यात पहारा शिरला की सगळं बिघडतं. कुणी किलो सांगायला लागलं, कुणी "माझा बघ, एकदाही मोडला नाही" म्हणायला लागलं, की दुसरी खोटं सांगू लागते, आणि खोटं सांगितलेला घास लपवलेल्या घासाइतकाच वाईट. नवऱ्याला किंवा सासूला हिशेब देण्यापेक्षा त्याच दुखण्यातल्या बाईला द्यावा असं मी म्हणतो ते यासाठी. घरचं माणूस प्रेमापोटी का होईना, डबे कुलपात ठेवतं.

सोबतीनं सगळं भागत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. खाल्लेलं मुद्दाम उलटी करून काढलं जात असेल, मधुमेह असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टर हवाच. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे, तिथं मराठीत आणि फुकट बोलता येतं. कुणी आवाज ओळखील ही भीतीही तिथं नाही.

आणि फोन थांबला तर? तो थांबतोच कधीतरी. एक दिवस "विसरले", दुसऱ्या दिवशी "पाहुणे होते", तिसऱ्या दिवशी उचललाच जात नाही. लपवणं पुन्हा सुरू झालं की आधी बोलणं बंद होतं. तेव्हा अक्कानं वाट पाहत बसू नये. दुपारी दोनच्या सुमाराला तिच्या घरी जावं, आपली भाकरी फडक्यात बांधून न्यावी, आणि तिच्यासोबत जेवायला बसावं. रात्रीचा विषय आपण काढू नये. जेवण निम्म्यावर आलं की ती स्वतःच काढते.